नागपूरकर डायव्हरसाठी व्हेल शार्क संवर्धन : टँकमधल्या सरावापासून फोटो नोंदवण्यापर्यंत

नागपूरहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र लागायला शेकडो किलोमीटर जावं लागतं. तरीही सुट्टीत मालवण, अंदमान, लक्षद्वीप किंवा माल्दीवला जाऊन पाण्यात उतरणारी माणसं आता आपल्या ओळखीत असतातच. त्यांतल्या बहुतेकांची एक इच्छा असते, एकदा तरी व्हेल शार्क बघायचा. जगातला हा सर्वांत मोठा मासा पाण्यात भेटतो तो जेमतेम काही मिनिटं. त्या मिनिटांत त्याला त्रास होणार की त्याच्या अभ्यासात भर पडणार, हे बरंचसं घरी असतानाच ठरतं. पैसे कोणत्या बोटवाल्याला दिले, पाय मारायला कसे शिकलात, कॅमेऱ्याचं घड्याळ लावलं की नाही, या गोष्टी विमानात बसण्याआधीच्या आहेत. म्हणून हा लेख नागपुरातल्या तयारीपासून सुरू होतो.

आधी हा मासा समजून घ्या

नावात व्हेल असलं तरी हा देवमासा नव्हे. हा शार्क आहे, कल्ल्यांनी श्वास घेतो आणि पाणी गाळून प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), माशांची अंडी, बारीक मासे खातो. सहा मीटरचा मासा खाताना तासाला सुमारे सहाशे घनमीटर पाणी गाळत असल्याचं मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या अभ्यासात दिसलं आहे. दात हजारो, पण इवलेसे आणि चावायला निरुपयोगी. माणसाला त्याच्यापासून धोका जवळपास नाहीच, फक्त शेपटीचा फटका जोरदार बसू शकतो.

धोका आहे तो त्याला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, २०१६ मध्ये व्हेल शार्कला 'संकटग्रस्त' गटात टाकलं. गेल्या ७५ वर्षांत जगातली त्याची संख्या निम्म्याहून अधिक घटली, असा तेव्हाचा अंदाज होता. कारणं सरळ आहेत : पर, मांस आणि तेलासाठी झालेली मासेमारी, दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत अडकणं, आणि जहाजांची धडक. तो बराच वेळ पृष्ठभागाजवळ चरतो, त्यामुळे मोठ्या जहाजाच्या वाटेत येतो, आणि धडकेने मेलेला मासा तळाशी जातो. कुणाला पत्ता लागत नाही. त्यातच वयात यायला त्याला पंचवीस-तीस वर्षं लागतात, म्हणून एकदा संख्या घटली की भरून निघायला पिढ्या जातात.

भारतात २००१ मध्ये त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं गेलं. म्हणजे कायद्याच्या नजरेत ताडोबाचा वाघ आणि गुजरातेतल्या वेरावळच्या समुद्रातला व्हेल शार्क एकाच रांगेत आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बोट निवडणं : सगळ्यांत मोठा निर्णय

माझ्या मते पर्यटकाच्या हातातलं सर्वांत मोठं हत्यार त्याचं बुकिंग आहे. पाण्यात तुम्ही कितीही शहाण्यासारखे वागलात, पण ज्या बोटीतून उतरलात तीच माशाच्या अंगावर जात असेल, तर तुमच्या शहाणपणाचा त्याला काही फायदा नाही. म्हणून पैसे भरण्याआधी फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर बोटवाल्याला थेट प्रश्न विचारा.

एका वेळी किती जण पाण्यात उतरवता? ऑस्ट्रेलियातल्या निंगालू प्रवाळ खडकांपाशी ही मर्यादा दहा आहे. माशाजवळ एकाच बोटीला जाऊ देतात, बाकीच्यांनी थांबायचं. बोट किती अंतरावर थांबवता, वेग किती असतो, माणसं पाण्यात असताना इंजिन न्यूट्रलला असतं का? पाण्यात गाइड सोबत उतरतो का, आणि कुणी माशाला हात लावला तर काय करता? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून माणूस लगेच कळतो. 'त्याला परत बोटीत घेतो' असं म्हणणारा चांगला. 'काही होत नाही हो, तो काही करत नाही' म्हणणाऱ्याला नमस्कार करून फोन ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं विचारा, माशांना खाऊ घालता का? फिलिपिन्समधल्या ओस्लोब इथे मच्छीमार रोज सकाळी होड्यांतून बारीक कोळंबी टाकून व्हेल शार्कना जवळ आणतात. त्यामुळे मासा दिसण्याची जवळपास खात्री असते, आणि म्हणूनच तिथे गर्दी लोटते. पण एरवी जो मासा चरत चरत दूरदूर फिरला असता, तो एकाच जागी रेंगाळतो आणि होडीचा आवाज म्हणजे खाणं हे शिकतो. पुढे तोच मासा दुसऱ्या समुद्रात कुठल्याही होडीजवळ जाईल आणि इंजिनाच्या पंख्याने कापला जाऊ शकतो. तिथल्या गरीब कुटुंबांना त्यातून उत्पन्न मिळतं हे खरं आहे, आणि त्यांना दोष देणं मला पटत नाही. पण आपल्याकडे निवड आहे, त्यांच्याकडे तितकी नाही. म्हणून अशा ठिकाणी पैसे देऊ नका असं मी स्पष्ट सांगतो.

नागपूरहून सोयीची ठिकाणं पाहायची तर माल्दीवच्या दक्षिण आरी अटॉलमध्ये (प्रवाळ बेटांच्या कड्यात) व्हेल शार्क वर्षभर दिसतात. तो भाग २००९ पासून संरक्षित आहे आणि व्हेल शार्क तर त्या देशात १९९५ पासूनच संरक्षित आहे. बोटींची गर्दी मात्र तिथेही खूप असते, तेव्हा वरचे प्रश्न तिथे दुप्पट जोराने विचारा. मालवण, कर्नाटकातलं नेत्राणी, अंदमान, लक्षद्वीप या ठिकाणी व्हेल शार्क दिसला तर नशीब. 'शंभर टक्के दाखवतो' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

प्रवासाचं एक गणित इथेच मांडतो. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन डुबकी, केल्यानंतर लगेच विमानात बसता येत नाही. अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तासांचं अंतर ठेवायचं असतं. परतीचं तिकीट काढतानाच शेवटचा दिवस कोरडा ठेवा. व्हेल शार्कसाठी स्कूबा शिकलंच पाहिजे असंही नाही. बऱ्याच ठिकाणी त्याच्याबरोबर फक्त स्नॉर्केलिंगच (पृष्ठभागावर तरंगत नळीने श्वास घेणं) चालतं, आणि माशालाही तेच बरं.

टँकमधला सराव

व्हेल शार्कला धक्का लागतो तो बहुतेक वेळा दुष्टपणाने नव्हे, घाबरण्याने. मास्कमध्ये पाणी शिरलं, माणूस गडबडला, हातपाय झाडले, पायातलं फिन (पोहण्याचा रबरी पंजा) माशाला लागलं. म्हणून समुद्रावर जाण्याच्या किमान महिनाभर आधी जवळच्या स्विमिंग टँकमध्ये नियमित जा. अंबाझरी किंवा फुटाळा तलावात हा सराव करू नका, टँकच बरा.

पहिलं, न थांबता दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं हातपाय न आपटता तरंगणं. स्कूबाच्या सुरुवातीच्या कोर्सलाही साधारण हेच लागतं. दुसरं, मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन, डोकं वर न काढता नाकाने फुंकून ते बाहेर टाकणं. हे झोपेतही जमेल इतकं करा. तिसरं, फिन घालून पाण्याच्या पृष्ठभागावर शिंतोडे न उडवता, मांडीपासून संथ पाय मारणं. टँकच्या काठावर कुणाला तरी बसवा आणि तुमचा आवाज येतो का विचारा. चौथं, पाय मारता मारता जागच्या जागी थांबणं आणि मागे सरकणं. पुढे जायला सगळेच शिकतात. थांबायला फार कमी जण शिकतात, आणि व्हेल शार्क अचानक तुमच्याकडे वळला की नेमकं तेच लागतं.

अंतराचा अंदाज घेण्याचा सरावही इथेच करा. निंगालू आणि माल्दीव दोन्हीकडचा नियम सारखा आहे, अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार मीटर. स्पर्धेच्या टँकमधली एक लेन अडीच मीटर रुंद असते. म्हणजे तीन मीटर हे एका लेनपेक्षा थोडंसं जास्त. लेनच्या दोरीकडे मास्कमधून बघत हे अंतर डोळ्यांत बसवा. पाण्यात वस्तू असते त्यापेक्षा जवळ भासते, चार मीटरवरची वस्तू तीनवर आहे असं वाटतं. हे तुमच्या फायद्याचं आहे, तुम्ही आपोआप जास्त लांब राहता. कॅमेरा मात्र उलटं फसवतो. अॅक्शन कॅमेऱ्याच्या रुंद भिंगातून मासा खूप लांब दिसतो, आणि स्क्रीनकडे बघत माणूस नकळत पुढे पुढे सरकत जातो. म्हणून अंतर नेहमी डोळ्यांनी ठरवा, स्क्रीनवरून नाही.

पाण्यात

बोटीतून उडी मारू नका. काठावर बसून अलगद पाण्यात सरका आणि आधी श्वास जागेवर आणा. गाइड जी बाजू दाखवेल तिकडून, माशाच्या बाजूने समांतर पोहा. समोरून जाऊ नका, त्याचा रस्ता अडवू नका, मागून शेपटीकडेही नको. त्याच्या खाली डुबकी मारू नका. फ्लॅश बंद, सेल्फी स्टिक बोटीवर. उन्हासाठी अंगावर क्रीम थापण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा घट्ट सदरा) घाला. प्लवक गाळून खाणाऱ्या माशाच्या तोंडासमोर क्रीमचा तवंग सोडणं बरं नाही.

ताडोबा-पेंचच्या सफारीत वाघ रस्त्यावर आला की जिप्सी थांबते, वाघाला वाट देते, सगळे गप्प होतात. ही शिस्त नागपूरकराला सांगावी लागत नाही. पाण्यातही तीच पाळायची, इतकंच.

मासा वैतागलाय हे ओळखता येतं. तो अचानक दिशा बदलतो, झटकन खोल जातो, अंगाला झटका देतो, किंवा वळून पाठ तुमच्याकडे करतो. ती पाठ म्हणजे त्याची ढाल असते, त्याची कातडी तिथे फार जाड असते. डोळा आत ओढून घेतो, तोही इशाराच. यातलं काहीही दिसलं की हात आखडते घ्या, थांबा आणि त्याला जाऊ द्या. पाठलाग करून तसंही काही मिळत नाही. तो आरामात जात असला तरी चांगला पोहणारा मिनिट-दोन मिनिटांत मागे पडतो.

तुमच्या गटातला कुणी हात लावायला निघाला तर तिथेच अडवा. वडीलधारी माणसं असतील तर संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण आपल्याकडच्या गटांत 'अरे, एकदा शिवून घे, पुन्हा कुठे मिळणार' असं प्रेमाने म्हणणारं कुणीतरी असतंच. त्यांच्याशी आदल्या रात्री जेवताना बोलून ठेवा, पाण्यात बोलता येत नाही.

फोटो : डावी बाजू

हौशी माणसाकडून विज्ञानाला मिळू शकणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एक नीट फोटो, आणि तो डाव्या बाजूचा.

प्रत्येक व्हेल शार्कच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांची रचना वेगळी असते आणि ती आयुष्यभर ओळखण्याइतकी टिकते. ताडोबात पट्ट्यांवरून वाघ ओळखतात, त्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरा ट्रॅप लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. व्हेल शार्कचंही तसंच आहे. म्हणून जगभरच्या संशोधकांनी एक बाजू ठरवून घेतली, डावी.

नेमका भाग लक्षात ठेवा. शेवटच्या, म्हणजे पाचव्या कल्ल्याच्या फटीपासून छातीच्या पराच्या मागच्या टोकापर्यंतचा, पराच्या वरचा पट्टा. हा भाग चौकटीत पूर्ण यायला हवा, आणि तुम्ही माशाशी काटकोनात, त्याच्याच उंचीवर असायला हवं. वरून तिरका काढलेला फोटो दिसायला सुंदर असतो, पण ठिपक्यांमधली अंतरं त्यात बदलतात आणि जुळणी फसते. डावी मिळाली की, मासा शांत असेल तर, उजवीही घ्या. मग जखमा, कापलेले पर, पंख्याचे वळ. दोरी किंवा जाळं अडकलेलं असेल तर तेही. फोटोपेक्षा व्हिडिओ जमत असेल तर व्हिडिओ घ्या, त्यातून नंतर चौकट काढता येते.

या ठिपक्यांची जुळणी करणारी पद्धत आकाशातून आली आहे. खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड ग्रोथ यांनी १९८६ मध्ये वेगवेगळ्या छायाचित्रांतले तारकासमूह जुळवण्याची गणिती पद्धत मांडली. पुढे जेसन होल्मबर्ग, झावेन आर्झूमानियन आणि ब्रॅड नॉर्मन यांनी तीच व्हेल शार्कच्या ठिपक्यांना लावली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातून उभा राहिलेला जागतिक नोंदसंग्रह आज 'शार्कबुक' या नावाने चालतो. तुमचा फोटो त्यात गेला की तो मासा आधी कुठे दिसला होता, किती वर्षांनी परतला, वाढला की जखमी झाला, हे कळू शकतं. अंगाला ट्रॅकर न लावता, माशाला हात न लावता.

फोटोसोबत चार गोष्टी लागतात, तारीख, वेळ, जागा आणि अंदाजे लांबी. इथे कॅमेऱ्याचं घड्याळ आडवं येतं. माल्दीव भारतापेक्षा अर्धा तास मागे आहे, आणि तिथल्या काही रिसॉर्टचं घड्याळ आणखी वेगळं चालतं. बोटीवर चढण्याआधी फोन आणि कॅमेरा दोन्ही एकाच वेळेवर लावा आणि ती कोणती वेळ ते वहीत लिहा. जागेसाठी मासा दिसल्यावर बोटीवर उरलेल्या कुणालातरी फोनवर लोकेशन जतन करायला सांगा. लांबी सांगताना शेजारी पोहणारा माणूस किंवा बोट मापाला धरा. नाही जमलं तर 'बोटीपेक्षा थोडा लहान' असं लिहिलंत तरी चालेल, ठोकून दिलेल्या आकड्यापेक्षा ते बरं.

नर की मादी हेही विचारतात. नराच्या पोटाखालच्या परांपाशी दोन लांबट अवयव असतात, मादीला नसतात. बाजूने दिसलं तर लिहा. तेवढ्यासाठी पोटाखाली डुबकी मारायची नाही.

परत आल्यावर

घरी आलात की पहिल्या आठवड्यातच फोटो चढवा. नंतर ते राहूनच जातं. शार्कबुकवर नोंद करताना मूळ फाइल द्या, रंग सुधारलेली नको. जुळणी झाली तर ईमेलने कळवतात. माल्दीवमध्ये फोटो काढले असतील तर तिथल्या माल्दीव व्हेल शार्क रिसर्च प्रोग्रामलाही पाठवा, २००६ पासून ते याच माशांच्या नोंदी ठेवत आहेत.

इन्स्टाग्रामवर टाकायला हरकत नाही, पण मासा तिथे असेपर्यंत नेमकी जागा टाकू नका. चार बोटींच्या जागी चाळीस व्हायला वेळ लागत नाही. तुमच्या व्हिडिओत कुणी माशाला शिवताना दिसत असेल तर तो तुकडा कापा, कारण बघणारा तेच शिकतो. आणि चांगल्या वागलेल्या बोटवाल्याबद्दल नावानिशी लिहा. नियम पाळले म्हणून बुकिंग मिळतं, हे त्याला दिसायला हवं.

जाळ्यात अडकलेला मासा आणि कोळीबांधव

इथे थोडं थांबायला हवं. भारतात व्हेल शार्क वाचवण्याचं खरं काम डायव्हरने केलेलं नाही, मच्छीमारांनी केलं आहे. १९९० च्या दशकात गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर दरवर्षी शेकडो व्हेल शार्क मारले जात. यकृताचं तेल होड्यांना लावायला वापरलं जाई, मांस परदेशी जाई. कायदा २००१ मध्ये आला, पण चित्र बदललं ते २००४ पासून. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनविभाग आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम सुरू केली आणि रामकथाकार मोरारी बापूंनी हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे असं मच्छीमारांना सांगितलं. तिला 'व्हाली' म्हणू लागले. ज्यांनी आधी गळ टाकले त्यांनीच पुढे आपली महागडी जाळी कापून मासे सोडले, आणि सरकारने जाळ्याची भरपाई द्यायला सुरुवात केली. आजवर असे शेकडो मासे सुटले आहेत. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडताना जाळं फाटलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाचं चित्रीकरण द्यावं लागतं.

मालवण-वेंगुर्ल्याकडे जाल तेव्हा हे तिथल्या मच्छीमारांशी बोला. काहींना योजना माहीत असते, अर्ज कसा करायचा ते नसतं. तुम्ही बोटीवर असताना जाळ्यातला मासा दिसलाच तर स्वतः पाण्यात उतरून दोर कापायला जाऊ नका. घाबरलेल्या माशाच्या शेपटीने आणि सैल जाळ्याने माणसाचा जीव जाऊ शकतो. बोटीवाल्यांना काम करू द्या, तुम्ही सलग, नीट व्हिडिओ घ्या, तोच त्यांच्या भरपाईचा पुरावा होऊ शकतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर वनविभागाला कळवायचं तर १९२६ ही हेल्पलाइन आहे. मेलेला मासा किनाऱ्याला लागला असेल तरी कळवा, तुकडा तोडून आणू नका. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा अवयव बाळगणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

नाग नदीचं पाणी कुठे जातं

नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात. त्याच किनाऱ्यावर व्हेल शार्क सापडतात. वाटेत गोसेखुर्दसारखी धरणं आहेत, बरंच काही तिथे अडतं. पण बारीक झालेलं प्लॅस्टिक पाण्यासोबत पुढे जाऊ शकतं, आणि तासाला शेकडो घनमीटर पाणी गाळणाऱ्या माशाला ते निवडून टाकता येत नाही. समुद्रावर कचरा वेचायला तुम्ही वर्षातून एकदा जाल. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या वस्तीतला नाला साफ करणं दरवर्षी जमण्यासारखं आहे, आणि महानगरपालिकेकडे त्यासाठी पाठपुरावा करणंही.

३० ऑगस्टला आंतरराष्ट्रीय व्हेल शार्क दिन असतो. तुमच्या मुलांच्या शाळेत त्या आठवड्यात अर्धा तास मागून घ्या आणि तुमचेच फोटो दाखवा. वाघाचे पट्टे आणि शार्कचे ठिपके शेजारी ठेवले की नागपूरच्या पोरांना पुढचं समजावत बसावं लागत नाही.

आणि हे वाचून झालं की जुनी हार्ड डिस्क काढा. तुम्ही किंवा तुमच्या मित्रांनी आधी कधी व्हेल शार्क पाहिला असेल तर ते फोटो अजूनही उपयोगाचे आहेत. दहा वर्षांपूर्वीची नोंद जुळली तर संशोधकांना त्या माशाचा दहा वर्षांचा प्रवास मिळतो. फक्त उजवी बाजू असेल तरी चढवा. तारीख आठवत नसेल तर त्या सहलीची तिकिटं शोधा, किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागे जाऊन बघा, महिना आणि वर्ष तरी सापडतंच.